बिजागरीचे वचन

गेल्या वर्षी काही कामानिमित्त उत्तरेतील एका शहरी जाण्याचा योग आला. ज्या कार्यालयात आम्ही पूर्वी नोकरीची तीन वर्षे काढली होती, त्याच कार्यालयात काम होते. खोली तीच, खिडकीबाहेरचा कडुनिंब तोच. माणसे मात्र सरकारी रीतीप्रमाणे बहुतेक नवी. आमच्या जुन्या टेबलाशी बसलेल्या तरुण अधिकाऱ्याने उठून आदराने खुर्ची पुढे केली, आणि आमचे लक्ष त्याच्या लॅपटॉपकडे गेले. त्याचा पडदा स्वतःच्या बळावर उभा नव्हता. ‘जनरल फायनान्शियल रूल्स’च्या जाडजूड प्रतीला पाठ टेकून तो कसाबसा तोल सांभाळीत होता. डाव्या अंगाची बिजागरी बुडाच्या प्लास्टिकसकट उचकटली होती आणि फटीतून एक बारीक तार बाहेर डोकावत होती. नियमावलीचा इतका प्रत्यक्ष उपयोग आम्ही आजवर पाहिला नव्हता, असे आम्ही थट्टेने म्हणालो. तो हसला व म्हणाला, “सर, कपाटात असे आणखी सात पडले आहेत.”

त्या आठही यंत्रांची खरेदी आमच्या सहीने झाली होती. खरेदी समितीचे अध्यक्षपद त्या वेळी आमच्याकडे होते. निविदेत प्रोसेसर कोणता असावा, स्मृती किती असावी, पडदा किती इंचांचा, वजन किती किलोच्या आत, हे सारे तपशीलवार लिहिले होते. बिजागरीविषयी एक अक्षरही नव्हते. ते लिहावयास हवे हे आम्हांस सुचलेही नाही. सर्वांत कमी दराची निविदा नियमाप्रमाणे मंजूर झाली, लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही, आणि वर्षाच्या आत आमची बदली झाली. बिजागऱ्या उचकटल्या त्या हमीची मुदत सरल्यावर, आमच्यामागून आलेल्यांच्या हातांत. नियमाने पाहता आमचा दोष शून्य आहे. तरीही त्या दुपारपासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला आहे. जे काम मोडेल तेव्हा आपण तेथे नसणार, त्या कामाशी माणसाला नेमके काय बांधते? बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आमच्या वाचकांस हा प्रश्न परका वाटू नये. त्याचा विचार बिजागरीच्याच आधाराने करावा असे आम्ही योजिले, कारण तिची रचना करणारा मनुष्यही याच अवस्थेत असतो. आपली बिजागरी मोडताना तो क्वचितच पाहतो.

दाराची बिजागरी आणि लॅपटॉपची बिजागरी यांत नावापलीकडे साम्य थोडे. जुन्या वाड्यांतील दारांच्या फळीलाच वर व खाली गोल खुंट ठेवलेले असत आणि ते खळग्यांत फिरत. दार कुरकुरले की गोडेतेलाचा एक थेंब पुरे होई. दाराकडून आपण एवढेच मागतो की त्याने फिरताना अडू नये. तेथे घर्षण हा दोष. लॅपटॉपच्या बिजागरीचे सारे कौशल्य याच्या उलट आहे. तिने फिरले पाहिजे आणि जेथे हात सोडाल तेथे थांबलेही पाहिजे. म्हणून घर्षण हाच तिचा प्राण. एका पोलादी दांडीवर चकत्यांची चळत ओवलेली असते, बशीच्या आकाराच्या स्प्रिंगा ती चळत दाबून धरतात आणि टोकाशी एक नट कसलेला असतो. काही बिजागऱ्यांत चकत्यांऐवजी दांडीभोवती पोलादाची पट्टी घट्ट लपेटलेली असते. दोहोंत हेतू एकच, विरोध करावयाचा, पण मोजून करावयाचा.

हा विरोध किती असावा, येथे खरी मौज आहे. समजा, पडद्याचे झाकण ४०० ग्रॅम वजनाचे आहे व त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ११ सेंटिमीटरवर आहे. असे झाकण आडवे असताना सुमारे ०.४३ न्यूटन-मीटर इतक्या पिळाने खाली ओढते. वाचताना ठेवतो त्या तिरक्या कोनात सुमारे ०.३. (वीतभर काठीच्या टोकाला पाव किलोचे वजन टांगून ती मुठीत आडवी धरली, तर अर्धा न्यूटन-मीटर म्हणजे काय ते मनगटाला समजते.) बिजागरीने याहून कमी विरोध केला तर पडदा मागे कोसळेल. उलट, बुडाचा भाग एक किलोचा व त्याचा गुरुत्वमध्य मागच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर असेल, तर विरोध एक न्यूटन-मीटरच्या आसपास पोहोचताच झाकणाबरोबर बूडही उचलले जाईल आणि ते दुसऱ्या हाताने दाबून धरावे लागेल. एका बोटाने उघडणारा लॅपटॉप म्हणून विक्रेते जी गोष्ट मिरवितात, ती या दोन मर्यादांमधील अरुंद पट्टीत वसलेली आहे.

ही पट्टी पुढे अधिकच अरुंद झाली. २०१२ साली लेनोव्हो कंपनीने योगा नावाचा लॅपटॉप आणला. त्याचे झाकण पूर्ण ३६० अंशांत फिरून पाठीला पाठ लागे आणि लॅपटॉपची पाटी होई. (संगणकास आसने करावयास लावणाऱ्यांस योगाभ्यास कितपत अवगत होता, ते असो.) अशा बिजागरीला एक दांडी पुरत नाही. दोन समांतर दांड्या लागतात, प्रत्येकीने १८० अंश फिरावयाचे, आणि दोघींची पाळी चुकू नये म्हणून मध्ये दाते किंवा अडसर ठेवावयाचे. त्यातच पडद्यास बोट लावून काम करण्याची सोय आली. बोट टेकताच पडदा डुलू लागला तर काम करणाऱ्याचा जीव मेटाकुटीस येतो. म्हणजे बिजागरी ताठ हवी. ताठ केली की ती एका बोटाला दाद देत नाही. रचनाकार यातून अशी वाट काढतात की पहिल्या काही अंशांत विरोध थोडा असावा व पुढे वाढत जावा, किंवा उघडताना एक व मिटताना दुसरा असावा, अशा बेताने दांडीवर उंचवटे घडवितात. २०१४ सालच्या योगा ३ प्रो या यंत्रास याच कंपनीने घड्याळाच्या धातूच्या पट्ट्यासारखी बिजागरी दिली. तीत ॲल्युमिनियमचे व पोलादाचे मिळून ८१३ तुकडे होते. एका झाकणाने डुलू नये आणि अडूही नये, एवढ्यासाठी आठशे तेरा तुकडे एकमेकांशी जुळविणाऱ्या त्या अज्ञात माणसांविषयी आम्हांस आदर वाटतो. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आम्ही ऐकलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बिजागरी बाजारात येण्यापूर्वी तिचा नमुना एका यंत्राला जोडतात आणि ते यंत्र अहोरात्र झाकण उघडते व मिटते. नेहमीच्या लॅपटॉपसाठी ही उघडमीट साधारण वीस-पंचवीस हजार वेळा करतात. अखेरीस विरोध ठरलेल्या मर्यादेत उरला की बिजागरी उत्तीर्ण. आमच्या मते या आकड्यात एक माणूस दडलेला आहे. दिवसातून वीस वेळा झाकण उघडणाऱ्यास २०,००० हा आकडा पावणेतीन वर्षे पुरतो. पाच वेळा उघडणाऱ्यास अकरा वर्षे. या बैठकीतून त्या बैठकीत यंत्र काखोटीस मारून धावणारा अधिकारी आणि संध्याकाळी नातवाशी दोन शब्द बोलण्यापुरते झाकण उघडणारी आजी, यांपैकी कोणास डोळ्यांसमोर ठेवून तो आकडा लिहिला गेला? ज्याने लिहिला त्याने कोणा एकाचे जीवन कल्पिले असलेच पाहिजे, आणि बाकीच्यांना त्या कल्पनेत बसविले असले पाहिजे. आम्हीही शासकीय टिपणांत ‘सरासरी लाभार्थी’ असे शब्द लिहिले आहेत. तो लाभार्थी आम्हांस कधी भेटला नाही.

हा आकडा म्हणजे वचन आहे काय? कोणी म्हणेल, मुळीच नाही. वचनाला देणारा व घेणारा लागतो. येथे देणाऱ्यास घेणारा ठाऊक नाही, आणि घेणाऱ्यास बहुधा आकडाही ठाऊक नसतो. त्याच्या हाती पडते ती वर्षा-दोन वर्षांची हमी, आणि तीतही बिजागरी उचकटली तर ‘वापरणाऱ्याकडून झालेली मोडतोड’ म्हणून कलम पुढे करता येते. रचनाकार बांधलेला आहे तो आपल्या मालकाशी, मालक कराराशी. हे म्हणणे तर्काने खोडून काढणे सोपे नाही. आमच्या बचावासाठी आम्हीही हेच म्हणू शकतो, की आम्ही बांधलेले होतो ते नियमांशी आणि ते आम्ही पाळले. तरी त्या तरुण अधिकाऱ्यासमोर बसलो असता हे उत्तर आमच्या ओठांवर येईना. ज्या वस्तूवर मनुष्य रोज विनासंशय विसंबतो, त्या विसंबण्यातूनच करणाऱ्यावर काही बंधन येते, असे आम्हांस वाटते. त्याने शब्द दिला असो वा नसो. मात्र हे बंधन अमर्याद मानता येणार नाही. कोणतीही बिजागरी झिजल्यावाचून राहणार नाही, आणि अक्षय बिजागरी कर असे ज्याला सांगाल तो कामच सोडून जाईल. मग मर्यादा कोठे?

याचे उत्तर, निदान त्याची दिशा, आम्हांस त्या मोडक्या यंत्रातच सापडली. ते उलटे करून पाहिले तेव्हा ध्यानात आले की बिजागरी मोडलेलीच नाही. दांडी शाबूत, चकत्या शाबूत, विरोध पूर्वीइतकाच, कदाचित अधिकच. कारण वंगण वाळले व धूळ बसली की पीळ कमी होण्याऐवजी पुष्कळदा वाढतो. मोडले होते ते तिचे आसन. स्वस्त यंत्रांत बिजागरीचे स्क्रू पितळी नटांत बसतात, आणि ते नट प्लास्टिकच्या बोटभरही उंच नसलेल्या खुंट्यांत उष्णतेने रुतविलेले असतात. प्रत्येक उघडमिटीत सारा पीळ त्या खुंट्यांवर येतो. त्यात आपण झाकण मध्यावर न धरता कोपऱ्यास धरून उचलतो, म्हणजे दोन बिजागऱ्यांचे ओझे एकीच्याच खुंट्यांवर. एके दिवशी प्लास्टिक तडकते. परीक्षेत उत्तीर्ण झालेली बिजागरी आपले कर्तव्य शेवटपर्यंत बजावते आणि ज्या शरीरात ती बसलेली असते त्या शरीरालाच फाडते.

येथे निवड करणारा कोणीतरी होता. झीज टाळणे त्याच्या हाती नव्हते. ती कोठे पडावी हे त्याच्या हाती होते. चकत्यांनी हळूहळू झिजावे आणि चार स्क्रू काढून शंभर-दोनशे रुपयांत नवी बिजागरी बसावी, अशी रचना शक्य आहे. खुंट्यांऐवजी धातूची पट्टी घातली की ती होते. अमेरिकेतील फ्रेमवर्क कंपनी २०२१ पासून असे लॅपटॉप विकते. तिच्या दुकानात ३.३ किलो व ४ किलो अशा निरनिराळ्या ताणांच्या बिजागऱ्या सुट्या मिळतात आणि गिऱ्हाईक त्या घरी बसवितो. उलट, झीज अशा जागी पडू द्यावी की एका लहान भागाबरोबर सारे बूड टाकून द्यावे लागावे, हीही रचनाच. २०१६ सालच्या ॲपलच्या मॅकबुक प्रो यंत्रांत पडद्याकडे जाणारी चपटी तार झाकणाच्या प्रत्येक हालचालीबरोबर ताणली जाई, आणि काही यंत्रांत ती कालांतराने तुटू लागली. ती तार पडद्याचाच अविभाज्य भाग असल्याने तार बदलणे म्हणजे पडदाच बदलणे. २०१८ च्या यंत्रांत ती तार दोन मिलिमीटरने लांब असल्याचे ती उघडून पाहणाऱ्यांस आढळले, आणि २०१९ च्या मे महिन्यात कंपनीने तेरा इंची जुन्या यंत्रांसाठी विनामूल्य दुरुस्ती जाहीर केली. दोन मिलिमीटर! आपल्या हातून निघालेल्या कागदांत अशा दोन मिलिमीटरांची कमतरता कोठे कोठे राहिली असेल, या विचाराने त्या रात्री आम्हांस नीट झोप आली नाही.

बिजागरी लपविण्याच्या हव्यासाविषयीही येथे बोलले पाहिजे. वैशेषिकांनी दोन वस्तूंच्या संबंधाचे दोन प्रकार मानले आहेत. हात आणि पुस्तक यांचा तो संयोग, जो जुळतो व सुटतो. तंतू आणि वस्त्र यांचा तो समवाय, जो वस्तू नष्ट झाल्यावाचून सुटत नाही. लॅपटॉपची बिजागरी उघड उघड संयोगाच्या बाजूची. पण घडीच्या पडद्याचा जो नवा संगणक निघाला आहे, तो संयोगाला समवायाचे सोंग घ्यावयास लावतो. लेनोव्होचा एक्स-१ फोल्ड २०२० मध्ये आला, आसुसचा १७ इंची झेनबुक फोल्ड २०२२ मध्ये. एकच अखंड पडदा मधोमध वहीसारखा मिटतो आणि उघडल्यावर तेथे सांधा आहे हे दिसू नये अशी अपेक्षा असते. याची किंमत खालच्या बिजागरीला मोजावी लागते. पडदा ताणला जाऊ नये म्हणून फिरण्याचा आस पडद्याच्याच पातळीत हवा, आणि तेथे तर दांडी ठेवावयास जागाच नाही. म्हणून खाली वक्र खाचांत सरकणारे तुकडे घालून एक काल्पनिक आस निर्माण करावा लागतो. मिटताना पडद्याला थेंबाच्या आकाराचे वळण घेता यावे म्हणून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आतल्या आत दूर सरतात. घडीच्या फोनांतील काच ३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शतांश तीन भागांइतकी, पातळ असते; ती दीड मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात वाकली तर तिचा बाह्य पृष्ठभाग शेकडा एक ताणला जातो. त्याहून जाड काच ते सोसणार नाही.

हे सारे थक्क करणारे आहे. तरी २०१९ साली सॅमसंगच्या पहिल्या घडीच्या फोनाची जी हकीकत झाली ती आम्हांस विसरता येत नाही. कंपनीने तो यंत्राकडून दोन लाख वेळा मिटवून पाहिला होता. दिवसाला शंभर वेळा याप्रमाणे तो पाच वर्षे टिकावा असा हिशेब. एप्रिलमध्ये तो परीक्षणासाठी काही पत्रकारांच्या हाती पडला आणि काही दिवसांतच त्यांतील काही पडदे बिघडले. एकदोघांनी वरचा पापुद्रा साधे वेष्टन समजून सोलला. दुसऱ्या काहींत बिजागरीच्या टोकाशी असलेल्या फटीतून कचऱ्याचा कण पडद्याखाली शिरला. विक्री पुढे ढकलावी लागली व फटींना टोप्या बसवून फोन सप्टेंबरात आला. पुढल्या वर्षी त्याच कंपनीने बिजागरीच्या आत नायलॉनच्या तंतूंचा बारीकसा झाडू बसविला. दोन लाख घड्या मोजणाऱ्या त्या स्वच्छ खोलीत धूळ नव्हती, एवढेच काय ते चुकले होते. बिकानेर किंवा जैसलमेर येथे नेमणुकीवर असलेल्या आमच्या वाचकांनी ही चूक पहिल्याच दिवशी सांगितली असती.

या सोंगाच्या तुलनेत आम्हांस मायक्रोसॉफ्टच्या २०१५ सालच्या सरफेस बुकाची आठवण होते. त्याचा पडदा सुटा होई व मुख्य संगणक त्यातच असल्याने तो जड होता. यंत्र मागे कलंडू नये म्हणून बिजागरी उघडताना गुंडाळीसारखी उलगडून बूडच लांब करी. परिणामी मिटल्यावर पाठीमागे एक फट राही, आणि त्या फटीची पुष्कळ चेष्टा झाली. आम्हांस ती फट आवडली. येथे सांधा आहे, येथे भार पडतो, जपून वापरा, असे ती सांगत असे. उत्तर हिंदुस्थानात पोथी ठेवण्याची जी घडीची लाकडी बैठक मिळते, जिला रेहल म्हणतात, तीही अशीच प्रांजळ. एकाच फळीला दोहों बाजूंनी अर्ध्या जाडीत चिरून मध्ये एकमेकांत गुंतलेले दाते कोरतात. खिळा नाही, सरस नाही. फळी न फोडता तिचे दोन भाग वेगळे करता येत नाहीत, तरी सांधा मात्र उघड्यावर दिसतो. संयोग म्हणावा की समवाय, हे वैशेषिकांनी ठरवावे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. पातळ व हलके यंत्र कोणी मागितले? आपणच. वजन अमुक किलोच्या आत, ही अट आमच्याच निविदेत होती, आणि दर सर्वांत कमी हीही. धातूची पट्टी घातली असती तर वजन वाढले असते, किंमत वाढली असती, आणि ज्या आजीला तिची कधी गरज पडणार नव्हती तिलाही ती मोजावी लागली असती. भक्कमपणा ही सर्वांवर सारखी बसणारी एक पट्टीच आहे. तेव्हा सारा दोष रचनाकाराच्या माथी मारणे म्हणजे आपली सही पुसून टाकणे होय. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापावे लागू लागले. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयासाठी समिती नेमली व संकेतस्थळ उघडले. हे बरेच झाले. पण विकत घेणारा जोवर सांध्याविषयी विचारीत नाही, तोवर रचनाकाराने तो कोणाच्या भरवशावर भक्कम करावा?

त्या दिवशी उठताना तरुण अधिकाऱ्याने शेजारच्या टेबलावरील नववे यंत्र दाखविले; तेही त्याच सुमारास, पण दुसऱ्या खात्यातून आलेले. तेथील सहायकाने ते बाजारातल्या एका कारागिराकडून नीट करवून आणले होते. कारागिराने बुडाला आरपार भोके पाडून बिजागरी बोल्टांनी कसली होती व तडकलेल्या जागी लांबी भरली होती. बाहेरून बोल्टांची दोन डोकी स्पष्ट दिसतात. झाकण उघडताना बूड दुसऱ्या हाताने धरावे लागते, परंतु पडदा जेथे ठेवावा तेथे राहतो. सहायकाने पदरचे साडेतीनशे रुपये दिले होते आणि त्यांचे देयक कोणत्या शीर्षाखाली घालावे याचा निर्णय लागलेला नव्हता.

परत आल्यावर आमच्या सध्याच्या कार्यालयातील खरेदीच्या मसुद्यात आम्ही एक ओळ घातली: बिजागरीचे आसन धातूचे असावे व बिजागरी बूड न बदलता बदलता यावी. फाइल परवा परत आली. समासात शेरा आहे की या अटीमुळे स्पर्धा मर्यादित होते काय, याचा खुलासा करावा. खुलाशाचा कागद आमच्या समोर आहे, आणि येत्या जूनमध्ये आमची येथील तीन वर्षे पूर्ण होतात.